गोंड

गोंड : मध्य भारतातील एक प्रमुख आदिवासी जमात. उत्तरेस नर्मदेचे खोरे व सातपुडा-मैकल पर्वतरांगा, दक्षिणेस गोदावरी, पश्चिमेस वऱ्हाडचा पूर्वभाग आणि पूर्वेस छत्तीसगड व ओडिशाच्या डोंगराळ भूमीपर्यंत तिची वस्ती पसरली आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील गोंडांची संख्या एक कोटीहून अधिक होती. महाराष्ट्रात ती सुमारे १६ लाख १८ हजार असून भिल्लांच्या खालोखाल हीच राज्यातील मोठी आदिवासी जमात होय. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, गोंदिया, भंडारा, नागपूर, वर्धा व अमरावती या जिल्ह्यांत गोंड मुख्यत्वे आढळतात. नागपूर जिल्ह्यात रामटेक व पारशिवनी तालुक्यांच्या जंगलपट्टीत त्यांची वस्ती अधिक दाट आहे.

अरण्यात राहणारी, कंदमुळे व शिकार यांवर उपजीविका करणारी जमात अशी गोंडांची प्रतिमा एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी लेखनाने रूढ केली व शालेय पुस्तकांतून ती पुढे चालत आली. ती अपुरी आहे. सोळाव्या शतकापासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत या प्रदेशात गोंडांची राज्ये होती. त्यांनी किल्ले, तलाव व तटबंदीची नगरे बांधली, आणि नागपूर हे शहर म्हणून गोंड राजांच्याच काळात उभे राहिले. अरण्यात ढकलली गेलेली जमात ही अवस्था बव्हंशी राज्य, जमीन आणि जंगल यांवरील हक्क क्रमाने गेल्यानंतरची आहे.

‘गोंड’ हे नाव इतरांनी दिलेले आहे. गोंड स्वतःला ‘कोइतूर’ किंवा ‘कोया’ म्हणवितात. तेलुगू ‘कोंडा’ (डोंगर) या शब्दावरून गोंड हे नाव आले असावे, असे मत स्टीफन हिस्लॉप याने मांडले. गौड देशाशी त्याचा संबंध जोडण्याचा प्रयत्नही झाला, तथापि त्यास भाषिक आधार नाही. मुसलमान तवारीखकारांनी त्यांच्या मुलखाला ‘गोंडवाना’ म्हटले. पुढे १८७० नंतरच्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अधिकाऱ्यांनी या भागातील कोळसायुक्त खडकांच्या मालिकेला हे नाव दिले आणि १८८५ मध्ये ऑस्ट्रियन भूवैज्ञानिक एडुआर्ट झ्यूस याने दक्षिण गोलार्धातील प्राचीन खंडास ‘गोंडवाना’ ही संज्ञा योजली. त्यामुळे आफ्रिका, दक्षिण अमेरिका व अंटार्क्टिका येथील शाळकरी मुलांना व संशोधकांनाही हे नाव परिचित आहे. ज्या लोकांवरून ते आले त्यांच्याविषयी मात्र फारशी माहिती नसते.

भूप्रदेश : गोंडांच्या प्रदेशाचे स्थूलमानाने तीन भाग पडतात. सातपुडा व मैकलच्या पठारावर मंडला, छिंदवाडा, बैतूल, सिवनी हे जिल्हे येतात. येथील हलक्या जमिनीत कोदो, कुटकी ही भरड धान्ये पिकतात. पठाराच्या दक्षिणेस कन्हान, पेंच, वर्धा व वैनगंगा यांची खोरी असून पश्चिमेकडे काळी कसदार जमीन व ज्वारी, तर पूर्वेकडे तलावांवर पोसलेली भातशेती आढळते. तिसरा भाग वर्धा-वैनगंगा संगमानंतरच्या प्राणहिता, इंद्रावती व गोदावरी नद्यांच्या आसपासच्या घनदाट अरण्याचा. साग, बांबू, ऐन, मोह, तेंदू व चार हे येथील प्रमुख वृक्ष व वनस्पती होत. पठार, खोरे व अरण्य या तिन्ही भागांतील गोंडांच्या जीवनात मोठा फरक आहे. खोऱ्यातील गोंड कुणबी शेतकऱ्यांप्रमाणे नांगरशेती करतात व घरी मराठी बोलतात. भामरागड व एटापल्ली तालुक्यांतील माडिया गोंडांचे जीवन मात्र अलीकडेपर्यंत फिरती शेती, शिकार व वनोपज यांवर अवलंबून होते. केंद्र शासनाने विशेष दुर्बल ठरविलेल्या महाराष्ट्रातील तीन जमातींत कातकरी व कोलाम यांच्यासमवेत माडिया गोंडांचा समावेश होतो. राजगोंड, धुर गोंड, नाईक गोंड, ओझा, मुरिया, कोया असे अनेक पोटविभाग असून राजगोंड हे राजघराणी व जमीनदार यांच्याशी नाते सांगतात.

इतिहास : गोंडांची चार राज्ये इतिहासात प्रसिद्ध आहेत : गढा-मंडला, देवगड, खेरला व चांदा. गढा-मंडल्याच्या संग्रामशहाने बावन्न गढांवर सत्ता स्थापिली, असे सांगतात. त्याची स्नुषा राणी दुर्गावती अकबराचा सरदार आसफखान याच्याशी लढताना १५६४ मध्ये मरण पावली. खेरल्याचे राज्य (बैतूलजवळ) सर्वांत आधी लयास गेले. विदर्भाच्या दृष्टीने देवगड व चांदा ही दोन राज्ये महत्त्वाची होत.

देवगड हा किल्ला सध्याच्या छिंदवाडा जिल्ह्यात आहे. तेथे रणसूर व घणसूर या गवळी राजांचा अंमल होता व त्यांच्या सेवेतील जाटबा या गोंडाने तो संपविला, अशी दंतकथा आहे. जाटबा ही व्यक्ती मात्र ऐतिहासिक आहे. आइन-इ-अकबरीत त्याच्या पदरी २,००० घोडेस्वार, ५०,००० पायदळ व शंभरावर हत्ती असल्याची नोंद मिळते. हे आकडे फुगविलेले असले, तरी मोगल दरबाराला त्याची दखल घ्यावी लागली एवढे त्यावरून दिसते. सतराव्या शतकात देवगडचे राजे मोगलांना खंडणी देत. ती थकली की स्वाऱ्या होत. १६३७ मध्ये खान दौरान याने कोकशहाकडून नागपूरचा किल्ला घेतला व खंडणी वसूल करून तो परत दिला.

या उल्लेखामुळे नागपूरच्या स्थापनेविषयीची प्रचलित समजूत थोडी तपासून पाहावी लागते. देवगडचा राजा बख्त बुलंद याने १७०२ च्या सुमारास ‘राजापूर बारसा’ नावाने ओळखली जाणारी बारा खेडी एकत्र करून नागपूर वसविले, असे सांगितले जाते. परंतु त्याआधी ६५ वर्षे येथे किल्ला होता, आणि राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या देवळी ताम्रपटात (इ. स. ९४०) ‘नागपूर-नंदिवर्धन’ या विभागाचा निर्देश आहे. तेव्हा नाव व वस्ती जुनी असून त्यांना नगराचे स्वरूप देण्याचे कार्य बख्त बुलंदाचे, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

बख्त बुलंद (कार. सु. १६८६–१७०९) हा गोंड राजांत सर्वांत कर्तबगार मानला जातो. भाऊबंदकीत गादी गमावल्यामुळे तो औरंगजेबाच्या आश्रयास गेला व इस्लाम स्वीकारून मोगलांच्या साह्याने राजा झाला. तथापि जमातीशी असलेले विवाहसंबंध व रीतिरिवाज या घराण्याने सोडले नाहीत. पुढे बादशहाशी त्याचे बिनसले. मोगल दक्षिणेत मराठ्यांशी झुंजण्यात गुंतलेले पाहून त्याने बंड केले, तेव्हा ‘बख्त बुलंद’ (थोर नशिबाचा) याऐवजी त्याला ‘निगून बख्त’ (फुटक्या नशिबाचा) म्हणावे, असा हुकूम औरंगजेबाने काढल्याचे नमूद आहे. नागपूरचा ब्रिटिश रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याने १८२७ च्या अहवालात या राजाची मुक्तकंठाने प्रशंसा केली आहे. त्याने सर्व बाजूंनी कष्टाळू शेतकरी व कारागीर बोलावून आणले, हिंदू व मुसलमान असा भेद न करता गुणी माणसांना कामे दिली, अनेक गावे वसविली. आणि नंतरच्या मराठी अंमलाला जे यश आले त्याचा पाया त्यानेच घातला, असे जेंकिन्सचे मत होते. नागपूरच्या आजच्या संमिश्र लोकवस्तीची सुरुवात येथेच शोधावी लागते.

बख्त बुलंदाचा मुलगा चांद सुलतान याने राजधानी देवगडहून नागपूरला आणली, शहराभोवती तट बांधला व जुम्मा तलाव तयार करविला. हाच पुढे शुक्रवारी तलाव व नंतर गांधीसागर या नावांनी ओळखला जाऊ लागला. महाल भागातील जुम्मा दरवाजा (गांधी दरवाजा) ही त्या नगररचनेची उरलेली खूण होय. चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर बख्त बुलंदाचा अनौरस मुलगा वलीशहा याने गादी बळकाविली. तेव्हा विधवा राणी रतनकुंवर हिने वऱ्हाडातून रघूजी भोसले (पहिला) यास साह्यासाठी बोलाविले. रघूजीने वलीशहाचा पराभव केला व राणीचे पुत्र बुऱ्हाणशहा व अकबरशहा यांना गादीवर बसवून मोबदला घेतला. थोड्याच वर्षांत या दोन भावांत वितुष्ट आले. रघूजीने बुऱ्हाणशहाचा पक्ष घेतला, अकबरशहा हैदराबादेकडे पळाला, आणि १७४३ मध्ये राज्याची सर्व सत्ता भोसल्यांकडे गेली. घराण्यातील भांडणात मध्यस्थी करणारा अखेर मालक होतो, हा अठराव्या शतकातील हिंदुस्थानच्या इतिहासात ठिकठिकाणी दिसणारा प्रकार येथेही घडला.

बुऱ्हाणशहाला मात्र रघूजीने राजा ही पदवी व नेमणूक देऊन नागपुरातच किल्ल्यात ठेवले. भोसले राजा गादीवर बसताना त्याला टिळा लावण्याचा मान गोंड राजाचा असे व काही महसुली कागदांवर त्याची मोहर उमटे. भोसल्यांच्या दृष्टीने हे केवळ औपचारिक होते असे म्हणता येणार नाही. जिंकलेल्या मुलखातील प्रजेच्या मनात राज्यावरील मूळ हक्क कोणाचा मानला जाई, याची ती कबुली होती. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले व इंग्रजांनी राज्य खालसा केले. त्यानंतरही गोंड राजाच्या वंशजांना ‘संस्थानिक’ म्हणून निवृत्तिवेतन मिळत राहिले.

चांद्याचे राज्य अधिक दक्षिणेकडील. प्रथम बल्लारपूर ही त्याची राजधानी होती. खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावरील गाठी झरपट नदीतील कुंडाच्या पाण्याने बऱ्या झाल्या व त्या स्थळी अचलेश्वराचे मंदिर आणि चांदा (चंद्रपूर) नगर उभे राहिले, अशी आख्यायिका आहे. शहराभोवतीचा सु. ११ किमी. लांबीचा तट आणि जटपुरा, पठाणपुरा, बिनबा व अचलेश्वर हे दरवाजे अद्याप उभे आहेत. अठराव्या शतकाच्या आरंभी राज्य सांभाळणाऱ्या राणी हिराईने पती बीरशहाची भव्य समाधी बांधली आणि महाकालीचे मंदिर उभारले. चांद्याच्या राजांचे खरे कर्तृत्व मात्र पाण्याच्या व्यवस्थेत दिसते. जंगल तोडून गाव वसविणाऱ्यास ते गाव व तलाव बांधणाऱ्यास त्याखाली भिजणारी जमीन द्यावयाची, असे त्यांचे धोरण होते. चंद्रपूर, भंडारा व गोंदिया जिल्ह्यांतील हजारो जुने तलाव यातून निर्माण झाले. ते बांधणारे कारागीर बहुधा कोहळी समाजाचे होते. राजाचा पट्टा आणि कोहळ्यांचे कसब यांचा हा मेळ होता. पुढे हे तलाव ‘मालगुजारी तलाव’ म्हणून ओळखले जाऊ लागले व त्यांचा मूळ आश्रयदाता विस्मरणात गेला. चांद्याचा अखेरचा राजा नीळकंठशहा याचे राज्य १७५० च्या सुमारास भोसल्यांनी घेतले.

सत्ता गेल्यावरही डोंगराळ भागातील गोंड जमीनदार अर्धस्वतंत्र राहिले. १८१८ मध्ये इंग्रजांच्या कैदेतून निसटलेले अप्पासाहेब भोसले यांना महादेवाच्या डोंगरात आश्रय मिळाला, तो हरईचा गोंड जमीनदार चैनशहा याच्याकडे. १८५७ च्या उठावात गढा-मंडल्याचा वंशज शंकरशहा व त्याचा पुत्र रघुनाथशहा यांना जबलपूर येथे तोफेच्या तोंडी देण्यात आले. चांदा जिल्ह्यात मोलमपल्लीचा तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके (१८३३–५८) याने अडपल्ली-घोटचा जमीनदार व्यंकटराव याच्या साह्याने १८५८ मध्ये बंड उभारले. एप्रिलमध्ये तारखात्याचे दोन इंग्रज कर्मचारी मारले गेल्यावर सरकारने अहेरीची जमीनदारीण लक्ष्मीबाई हिच्यामार्फत त्याला पकडले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चंद्रपूरच्या तुरुंगात त्यास फाशी देण्यात आली.

तलवारीने जे गेले त्याहून अधिक कागदाने गेले. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाल्यावर झालेल्या जमाबंदीत वसुलीचा मक्ता घेणाऱ्या मालगुजारांना गावाची मालकी मिळाली. हे मालगुजार पुष्कळ ठिकाणी बाहेरून आलेले सावकार किंवा व्यापारी होते. गोंड शेतकरी आपल्याच गावात कूळ झाला. पाठोपाठ १८६५ व १८७८ च्या वनकायद्यांनी जंगल राखीव केले, फिरत्या शेतीवर बंदी घातली व सरपण, चराई आणि मोहफुले यांसाठी परवान्याची अट लादली. मोहाची दारू ही देवकार्यात, लग्नात व मृत्युविधीत आवश्यक असता अबकारी नियमांमुळे ती गाळणे गुन्हा ठरले. निजामाच्या राज्यातील आसिफाबाद भागात याच कारणांनी कोमराम भीमू याच्या नेतृत्वाखाली गोंडांनी लढा दिला. तो १९४० मध्ये जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फोन फ्यूरर-हायमेन्डॉर्फ यास पाचारण केले. त्याच्या सल्ल्याने गोंडांना जमिनीचे पट्टे देण्यात आले व १९४३ मध्ये मारलवाई येथे गोंडी शिक्षक तयार करणारे केंद्र सुरू झाले.

समाजरचना : गोंड समाज ‘सगा’ या बहिर्विवाही गटांत विभागलेला आहे. प्रत्येक सगा आपल्या देवांच्या संख्येवरून ओळखला जातो : चार देवे, पाच देवे, सहा देवे व सात देवे. दक्षिणेकडील गोंडीत त्यांना अनुक्रमे नालवेन, सैवेन, सारवेन व येरवेन म्हणतात. प्रत्येक सगात अनेक कुळे असून आत्राम, मडावी, उईके, धुर्वे, कुमरे, टेकाम, सिडाम, गेडाम, कोवे, मेश्राम ही त्यांची नावे आज आडनावे म्हणून रूढ आहेत. यांपैकी काही आडनावे विदर्भातील इतर समाजांतही आढळतात, त्यामुळे केवळ आडनावावरून जमातीचा निर्णय करता येत नाही. समान सगातील व्यक्ती भाऊबहीण मानल्या जातात व त्यांच्यात विवाह होत नाही. आते-मामे भावंडांचा विवाह पसंत केला जातो. एका घराण्याने दिलेली मुलगी पुढच्या पिढीत परत यावी, या भावनेने त्यास ‘दूध परत करणे’ अशा अर्थाची संज्ञा आहे. वधूमूल्य देणे शक्य नसल्यास वर काही वर्षे सासऱ्याकडे राबतो. अशा जावयास ‘लमझना’ म्हणतात. विधवाविवाह व घटस्फोट यांस मान्यता आहे. माडिया गोंडांच्या गावात ‘गोटुल’ ही सार्वजनिक वास्तू असते. तरुण-तरुणींचे एकत्र येण्याचे, शिकण्याचे व गावसभेचे ते स्थान होय. बस्तरच्या मुरियांच्या गोटुलावर व्हेरिअर एल्विनने १९४७ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. त्यातील लैंगिक स्वातंत्र्याच्या भागालाच बाहेर अवास्तव प्रसिद्धी मिळाली आणि या संस्थेचे शैक्षणिक व न्यायविषयक कार्य झाकोळले गेले.

धर्म व मौखिक परंपरा : ‘पेन’ म्हणजे देव. ‘पेर्सा पेन’ (मोठा देव, बडादेव) हे सर्वांत श्रेष्ठ दैवत असून त्याचे वास्तव्य साजाच्या (ऐनाच्या) झाडात मानतात. कुळाच्या पेनात मृत पूर्वजांचे आत्मे विलीन होतात, अशी श्रद्धा आहे. गावाची, शेताची, शिवेची व डोंगराची निरनिराळी दैवते आहेत. नवे धान्य, नवी फळे किंवा मोहफुले देवाला अर्पण केल्याशिवाय खात नाहीत. वनोपज पक्व होण्यापूर्वी तोडले जाऊ नये, असा या प्रथेचा व्यावहारिक परिणाम होतो. आदिलाबाद जिल्ह्यातील केसलापूर येथे मेश्राम कुळाची नागोबा यात्रा पौष महिन्यात भरते.

गोंडांच्या उत्पत्तीची कथा लिंगोशी निगडित आहे. काचीकोपा लोहागड या गुहेत कोंडल्या गेलेल्या गोंडांना लिंगोने मुक्त केले, त्यांना शेती, अग्नी व विवाहाचे नियम शिकविले आणि सगांत विभागले, असे ही कथा सांगते. काही पाठांत जंगुबाईचाही या मुक्तीत वाटा आहे. ही कथा प्रथम लिहून घेतली गेली ती नागपूरच्या परिसरात. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा मिशनरी स्टीफन हिस्लॉप (१८१७–६३) याने एका परधान पुजाऱ्याकडून ती ऐकली. टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना सप्टेंबर १८६३ मध्ये ओढ्याच्या पुरात तो बुडून मरण पावला. त्याची टिपणे रिचर्ड टेंपल याने १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. या पाठावर कथनकर्त्याच्या हिंदू संस्काराची छाया स्पष्ट दिसते. गोंडांच्या मूळ श्रद्धांचा पुरावा म्हणून तो वापरताना सावधगिरी बाळगली पाहिजे. तथापि अन्यत्र मिळालेल्या पाठांशी त्याचा मुख्य भाग जुळतो.

ज्या परधानांनी ही परंपरा जतन केली ते गोंडांचे वंशपरंपरागत भाट होत. ‘किंगरी’ या तंतुवाद्याच्या साथीने ते यजमान कुळाची वंशावळ व देवकथा गातात. लिखित ग्रंथ नसलेल्या समाजात परधान हाच ग्रंथालयाचे काम करीत असे. यजमान गरीब झाला तशी परधानाची वृत्तीही बुडाली. बरेच परधान नागपूर व चंद्रपूरकडे मजुरीसाठी आले आणि किंगरी वाजविणारे विरळा झाले. मंडला भागातील परधानांनी या कलेला वेगळे वळण दिले. जनगढसिंह श्याम (१९६२–२००१) याने भोपाळच्या भारत भवनच्या प्रोत्साहनाने देवकथा कागदावर व कापडावर रंगविल्या. त्याची चित्रे १९८९ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली गेली. जगभर ‘गोंड चित्रकला’ म्हणून गाजलेली ही शैली वस्तुतः परधान गायकांच्या वंशजांनी घडविली आहे. नृत्यांपैकी गडचिरोलीकडील रेला आणि चंद्रपूर-आदिलाबादकडील दंडार विशेष लोकप्रिय आहेत. दिवाळीच्या सुमारास दंडारीत मोरपिसांचा मुकुट घातलेले ‘गुसाडी’ गावोगाव नाचत जातात.

गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात कचारगड येथे मोठी नैसर्गिक गुहा आहे. लिंगोकथेतील गुहा ती हीच, असे मानून १९८० नंतरच्या दशकात तेथे माघ पौर्णिमेची यात्रा सुरू झाली. आज तेथे अनेक राज्यांतून लक्षावधी लोक येतात. ही यात्रा रुजविण्यात नागपूरचे भाषाभ्यासक मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांचा पुढाकार होता. त्यांनी ‘कोया पुनेम’ या नावाने गोंडी धर्मविचाराची मांडणी केली. सिंधू लिपी गोंडीच्या आधारे वाचल्याचा त्यांचा दावा विद्वानांनी स्वीकारलेला नाही. परंतु विखुरलेल्या जमातीला एक समान तीर्थस्थान मिळाले, हे त्यांच्या कार्याचे टिकाऊ फळ होय.

सद्यःस्थिती : स्वातंत्र्यानंतर गोंडांचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. शिक्षण व नोकऱ्यांतील राखीव जागांमुळे नागपूर, चंद्रपूर यांसारख्या शहरांत सुशिक्षित वर्ग तयार झाला. १९७९ मध्ये भद्रावती येथे पहिले आदिवासी साहित्य संमेलन भरले. भुजंग मेश्राम (१९५८–२००७), उषाकिरण आत्राम यांनी मराठीत व गोंडीत कविता लिहिली. अरण्यातील गोंडांपर्यंत मात्र या सवलती उशिरा व अपुऱ्या पोहोचल्या. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण या जमातीत मोठे आहे. हेमलकसा येथे १९७३ मध्ये बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तोपर्यंत माडिया भागात आधुनिक वैद्यकीय सेवा जवळजवळ नव्हती. १९८० पासून गडचिरोलीच्या जंगलात नक्षलवादी चळवळ आली. तिच्यात व तिच्या बंदोबस्तात दोन्ही बाजूंनी मरणारांत गोंड व माडिया तरुणांचाच भरणा अधिक राहिला.

जमातीच्या यादीतील नावाला किती किंमत आहे, हे नागपूरने २३ नोव्हेंबर १९९४ रोजी पाहिले. यादीतील ‘गोंड गोवारी’ म्हणजे आपणच, तेव्हा आपणास अनुसूचित जमात मानावे, या मागणीसाठी गुराखी व्यवसायाच्या गोवारी समाजाचा मोर्चा विधिमंडळावर आला होता. चेंगराचेंगरीत ११४ लोक मृत्युमुखी पडले. त्यांत स्त्रिया व मुले बहुसंख्य होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये गोवारींच्या बाजूने निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये तो रद्द केला. सीताबर्डी येथील स्मारक व उड्डाणपूल यांना मृतांच्या स्मरणार्थ ‘गोवारी शहीद’ असे नाव आहे.

जंगलावरील हक्काच्या बाबतीत उलट दिशेने एक पाऊल पडले ते धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावात. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळविणाऱ्या देशातील अगदी पहिल्या गावांत त्याची गणना होते. २००९ मध्ये ग्रामसभेला सु. १,८०० हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. तरीही स्वतःच्या बांबूची वाहतूक करण्याचा परवाना देण्याचा अधिकार तिला २०११ मध्ये, केंद्रीय मंत्री गावात येऊन बसल्यावरच मिळाला. एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या टेकड्यांवर मात्र २०१६ पासून लोहखनिजाचे उत्खनन सुरू आहे. याच डोंगरावर परिसरातील गावे ठाकूरदेवाची यात्रा भरवितात. खाणीमुळे मिळणारा रोजगार आणि देवाचा डोंगर यांबाबत स्थानिक लोकांत एकमत नाही.

भाषा : गोंडी ही द्राविड भाषाकुलातील असून तेलुगू, कुई, कुवी व कोंडा या भाषा तिच्या निकटच्या होत. चार, पाच, सहा, सात यांसाठी तिच्यातील नालुंग, सैयुंग, सारुंग, येडुंग हे शब्द तेलुगूतील नालुगू, ऐदू, आरू, एडू यांच्याशी ताडून पाहिल्यास हे नाते ध्यानात येते. वर उल्लेखिलेल्या सगांची नावेही याच संख्यांवरून आली आहेत. बोलींमध्ये इतका फरक आहे की, मंडल्याच्या व आदिलाबादच्या गोंडाला परस्परांचे बोलणे सहज समजत नाही. गोंडी बहुधा देवनागरी किंवा तेलुगू लिपीत लिहिली जाते. बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र लिपी तयार केली. आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाला गावी निराळ्याच लिपीतील जुनी हस्तलिखिते उजेडात आली. या दोन्ही लिपींना २०१७ व २०१८ मध्ये संगणकीय युनिकोड मानकात स्थान मिळाले.

२०११ मध्ये गोंडी मातृभाषा सांगणारे सु. २९ लाख ८४ हजार लोक होते. म्हणजे जमातीच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. महाराष्ट्रात ही संख्या साडेचार लाखांच्या आसपास आहे. नागपूर व वर्धा जिल्ह्यांत तर बहुसंख्य गोंड कुटुंबांची भाषा मराठीच झाली आहे. याचे कारण केवळ शेजाऱ्यांचा प्रभाव हे नव्हे. १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेत हिंदी, मराठी, तेलुगू व ओडिया भाषकांची राज्ये आखली गेली आणि तोवर बव्हंशी मध्य प्रदेशाच्या एकाच राज्यात, नागपूर राजधानीखाली असलेला गोंड मुलूख त्यांच्यात वाटला गेला. प्रत्येक राज्यात गोंडी ही अल्पसंख्याकांची बोली ठरली. संख्येने जवळपास गोंडांइतक्याच असलेल्या दक्षिण आफ्रिकेतील झुलू लोकांशी तुलना उद्बोधक ठरेल. त्यांचेही राज्य १८७९ च्या युद्धानंतर इंग्रजांनी मोडले. पण त्यांची मोठी वस्ती क्वाझुलू-नाताल या एका प्रांतात एकवटलेली राहिली, भाषा शाळेत, छापखान्यात व आकाशवाणीवर टिकली आणि १९९४ नंतर ती देशाच्या अधिकृत भाषांपैकी एक झाली. भारतीय संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत गोंडीचा अंतर्भाव नाही. बोडो व मणिपुरी या तिच्याहून कमी भाषक असलेल्या भाषांचा आहे. निरनिराळ्या राज्यांतील गोंडी भाषकांनी बोलींमधील शब्द जुळवून तयार केलेला समान कोश २०१८ मध्ये हंपीच्या कन्नड विद्यापीठात प्रकाशित झाला.

गडचिरोली येथे २०११ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठास ‘गोंडवाना’ हे नाव देण्यात आले. त्याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोटुलाच्या परंपरेचे नाव घेऊन गोंडी माध्यमाची प्राथमिक शाळा काढली. मुलांना गोंडीबरोबर मराठी व इंग्रजीही शिकविली जाते. शिक्षण खात्याने २०२२ मध्ये तिला अनधिकृत ठरवून नोटीस बजावली, तेव्हा ग्रामसभा संविधानातील भाषाविषयक तरतुदींचा आधार घेऊन नागपूर खंडपीठापुढे गेली.